सासूबाईंचं औषध आणि माझा उजवा डोळा

"कॉर्नियल अल्सर," डॉक्टर म्हणाले. मला काही कळलं नाही हे ओळखून त्यांनी सोपं करून सांगितलं, बुबुळावर जखम झाली आहे आणि ती चिघळली आहे. मग विचारलं, "डोळ्यात काय घातलं होतं?"

माझ्या मागे सासूबाई उभ्या होत्या.

ही गोष्ट पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमचं गाव कारंज्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. खळ्यात ज्वारी उपणताना डोळ्यात काहीतरी गेलं. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला. सासूबाई म्हणाल्या, डोळे आले. त्यांच्या औषधाचं आजूबाजूच्या गावांत नाव होतं. शेवग्याच्या पाल्याचा रस मधात कालवून त्या डोळ्यात सोडत आणि वरून बाभळीचा कोवळा पाला वाटून बांधत. त्याने कित्येकांना आराम पडलेला मी पाहिला होता.

माझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून मला आतल्या खोलीत बसवलं. उजेड लागू नये म्हणून दार लोटलेलं. आत टोचतं, असं मी एकदा सांगितलं. औषध लागू पडलं की टोचतंच, असं उत्तर मिळालं. पुढे बोलायची हिंमत झाली नाही. बाहेर बायाबापड्या औषधाला यायच्या, तेव्हा मी कण्हणंही गिळायची. घरच्याच सुनेला गुण नाही, असं कोणी म्हणायला नको. नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. आठ दिवस मी भिंत चाचपत उठले आणि बसले.

नवव्या दिवशी मीच पट्टी सोडली. डावा डोळा हाताने झाकला. उजव्याला समोरचं दारही दिसेना, नुसतं पांढुरकं धुकं.

मी सासूबाईंना हाक मारली, "आत्याबाई, मले या डोळ्यानं दिसून नाही राह्यलं."

त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. बराच वेळ पाहत राहिल्या. मग बाहेर गेल्या आणि मुलाला कारंज्याच्या दवाखान्यासाठी गाडी जुंपायला सांगितली.

म्हणून डॉक्टरांच्या प्रश्नावर माझी जीभ उचलेना. खरं सांगून परत त्याच घरात नांदायचं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "तिले कायले इचारता? मी टाकलं. शेवग्याचा रस. पालाही मीच बांधला."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चिमट्याने बुबुळात रुतलेलं बारीक कुसळ काढून दाखवलं. म्हणाले, "डोळे आले नव्हते, बाई. हे आत होतं, आणि पट्टीखाली जखम सडत गेली."

दवाखान्यात पुन्हा पट्टीच बांधली. पण आत काय झालंय, हे आता मला ठाऊक होतं. पेनिसिलिनचं मलम, म्हणजे जखम न चिघळू देणारं औषध, पंधरा दिवस रोज लावत. सासूबाई पंधराही दिवस माझ्या खाटेखाली झोपल्या. डोळा वाचला, पण बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, राहिलं. आजही उजव्या बाजूचं धूसरच दिसतं.

घरी आल्यावर महिनाभराने एक बाई लेकराचे लाल डोळे दाखवायला आली. सासूबाईंनी मला हाक मारली आणि तिच्यापुढे उभं केलं.

"माह्या सुनेचा डोळा पाह्य. हे माह्या हातानं झालं. तू आदी डाक्टरकडे जा."

डोळ्यात टोचत असेल तर कोणाची मर्जी राखत बसू नका, एवढंच मला सांगायचं आहे. पट्टी सोडायला मला आठ दिवस लागले. सासूबाईंना मात्र 'हे माह्या हातानं झालं' हे वाक्य त्यानंतर आयुष्यभर, येणाऱ्या प्रत्येकापुढे म्हणावं लागलं, आणि त्यांनी ते एकदाही टाळलं नाही.