छोट्या दवाखान्याची एडिशन

मुलुंडला ताईचा लहान मुलांना नीट ऐकू येतं का ते तपासायचा दवाखाना महिन्याभरात सुरू होणार होता आणि कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे होतं. आरे कॉलनीच्या झाडीतून जाणाऱ्या बसमध्ये ताईचा-माझा फोनवर वाद चालला होता. पेशंटची माहिती ठेवायला डेटाबेसची मोठी, महागडी एडिशन घ्यायची की छोटी, फुकटची? मोठी घेतली तर पैसे संपून आवाजबंद तपासणी-खोली यंदा होणार नव्हती.

फोन ठेवला तशा पुढच्या सीटवरच्या बाई पूर्ण मागे वळल्या. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "सॉरी हां, सगळं ऐकलं मी. मी डेटाबेसचंच काम करते ना. एका वेळी किती जण वापरणार?"

"ताई आणि रिसेप्शनवरची मुलगी."

"फोटो, व्हिडिओ साठवणार?"

"नाही, नुसते रिपोर्ट."

त्यांनी खुशीत सीटच्या दांडीवर थाप मारली. "मग फुकटचीच घ्या. आजच्या पेशंटपुरतं बघा हो. दवाखाना वाढला की मोठी टाका, माहिती तशीच राहते. फक्त रोजचा बॅकअप फुकटचीत आपोआप निघत नाही, ती सोय आधी करा."

ती कशी करायची हे हातवारे करून सांगण्याच्या नादात त्यांचा स्टॉप गेला. पुढच्या स्टॉपवर हसत उतरल्या आणि झाडीतल्या रस्त्याने मागे चालू लागल्या. नाव विचारायचं राहिलंच.

फुकटचीच घेतली आणि खोली झाली. पहिल्याच दिवशी तिच्यात बसलेल्या चिमुरडीने हेडफोनमधला बारीक आवाज ऐकून हात वर केला. काचेबाहेर ताईने माझा दंड घट्ट धरला. त्या बाईंना हे कोणीतरी सांगायला हवं, असं मला दिवसभर वाटत राहिलं.