हिद्दच्या पुलावरचं न्यूट्रल

मराठी माणसाला रणगाडा दाखवला तरी तो आधी विचारील, ॲव्हरेज किती देतो? मी आठ सिलिंडरची पेट्रोलवरची अमेरिकन पिकअप घेतली तेव्हा बहरीनमध्ये उम्म अल हस्समच्या आमच्या बिल्डिंगमधल्या एकाही मराठी माणसाने ती किती टन ओढते ते विचारलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या पुण्याच्या इंजिनिअरने चारी बाजूंनी फिरून बघितली, टायरला लाथ मारून बघितली आणि मग तोच प्रश्न. मी म्हटलं, मोकळी असली तर पाच, ट्रेलर लावला की साडेतीन. त्याने असा चेहरा केला की आता हा माझ्या खांद्यावर हात ठेवून 'झालं ते झालं' म्हणतो की काय असं मला वाटलं.

गाडी हौसेने घेतली नव्हती. माझा धंदा एसीचे डक्ट बनवून बसवायचा, गोडाऊन हिद्दला, बंदराच्या वाटेवर. आधीची जपानी पिकअप बिचारी स्प्रिंगचे पाटे मोडेपर्यंत राबली. मग मायदेशी परत निघालेल्या एका अमेरिकन माणसाने आपली ही दांडगी गाडी विकायला काढली. घेण्याआधी मी तसलीच गाडी बाळगणाऱ्या दोन बहरीनी मालकांना विचारलं. दोघांनी एकच सांगितलं, पेट्रोल पिते खरी, पण मरत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, मफी मुश्किल, म्हणजे काही त्रास नाही. वेळेवर ऑइल बदल, बाकी विसरून जा. 'मरत नाही' तेवढं मी ऐकलं आणि 'ऑइल बदल' विसरून गेलो.

गाडी चालवायला भाऊ होते. आमच्या कणकवलीकडचे, शेजारच्याच वाडीतले, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. तीस वर्षं त्यांनी फोंडाघाट आणि करूळ घाटातून ट्रक चढवले-उतरवले आणि कुठल्याही गाडीला साधा ओरखडा आणला नाही. ही काही त्यांनी मारलेली बढाई नव्हे. आमच्याकडे सोलकढी करावी तर अमक्याच्या बायकोने, भजन म्हणावं तर तमक्याने, आणि गाडी चालवावी तर भाऊंनी, असं बोललं जायचं. लग्नाचं वऱ्हाड न्यायचं असलं तर लोक आधी भाऊंना मोकळा दिवस विचारत आणि मग भटजींना. मी नाक पुसता न येणारा पोरगा होतो तेव्हापासून ते मला ओळखत होते, तरी इथे आल्यावर पहिल्या दिवसापासून मला शेट म्हणायला लागले. मलाही ते आवडायला लागलं. नालायकपणा असा हळूहळूच येतो.

गाडीच्या डॅशबोर्डमध्ये मी एक डायरी ठेवली. टाकी भरली की किती लिटर आणि किती किलोमीटर ते भाऊंनी लिहायचं, ॲव्हरेज मी काढायचं. शुक्रवारी भाऊंची सुट्टी, त्यामुळे त्या दिवशी गाडी माझ्या हातात. आदल्या संध्याकाळी भाऊ टाकी काठोकाठ भरून ठेवत. मी बायकोला घेऊन मुहर्रकला मासळीला जायचो, वाटेत गोडाऊनवर नजर टाकायचो आणि परत येऊन टाकी पुन्हा भरायचो, म्हणजे माझा हिशेब निराळा राहावा. शुक्रवारचं ॲव्हरेज साडेसहाच्या आसपास, आणि आठवडाभर भाऊंचं चारसुद्धा नाही. मी डायरी त्यांच्या पुढ्यात धरून म्हणायचो, बघा, गाडी तीच, पेट्रोल तेच, हात बदलला की फरक पडतो. भाऊंच्या मागे दीड टनाचा ट्रेलर असायचा आणि माझ्या मागे दोन किलो सुरमई, हे सांगायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

माझ्या साडेसहामागे एक विद्या होती. मी गाडी शिकलो मामाच्या जीपवर, फोंडाघाटात. मामा घाटमाथ्यावर गिअर काढून न्यूट्रल करायचा आणि पायथ्याच्या देवळापर्यंत फुकट यायचा. आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, उतारावर पेट्रोल जाळणं हा त्याला अन्न टाकण्याइतका गुन्हा वाटतो. आता बहरीन म्हणजे तव्यावरचं सपाट घावन. जो काही एक डोंगर आहे त्यावर आमचा रेडासुद्धा दम न लागता चढला असता. पण पूल आहेत, फ्लायओव्हर आहेत. हिद्दच्या पुलावर चढ संपला की मी दांडी न्यूट्रलला ढकलायचो, ताशी शंभरावर गाडी गपगार घसरत जायची, आणि वेग पडला की पुन्हा ड्राइव्हला टाकायची. टाकताना खालून एक धक्का यायचा. तो मला काटकसरीचा आशीर्वाद वाटायचा.

भाऊंनाही मी हे करायला सांगितलं. ते म्हणाले, "शेटानू, ही ऑटोमॅटिक आसा. हिका तसला चलाचा नाय."

मी हसलो. फोंडाघाट उतरलेला माणूस इथल्या पुलाला भितो, असं काहीतरी बोललो, तेही गोडाऊनवरच्या सगळ्यांच्या देखत. पुढे दोन-तीनदा त्यांनी गिअरबॉक्सचं ऑइल बदलून घेऊ म्हणून आठवण केली. मी दरवेळी बघू म्हटलं. आखातात इंशाल्ला आणि आमच्याकडे बघू, दोन्हींत काम होत नाही, फक्त इंशाल्लात निदान देवाचं नाव असतं.

आणि खरं सांगायचं तर गाडी दीड वर्ष एका शब्दाने कुरकुरली नाही. ऑगस्टमध्ये स्टिअरिंगला हात लावला तर फोड येईल अशा उन्हात ती सकाळी एका किल्लीला उठायची आणि ट्रेलरवर चिलर, म्हणजे मोठ्या एसीचं अवजड मशीन, ओढत निघायची. कुणी भरवशाबद्दल विचारलं की मी छाती पुढे काढून सांगायचो, गाडी कशी चालवायची ते कळायला हवं. मला हे म्हणताना लाज वाटत नव्हती. आता वाटते, पण आता तिचा काय उपयोग.

मग एका मंगळवारी भाऊ चिलर घेऊन हिद्दहून निघाले. पुलाच्या चढावर इंजिन बोंबललं आणि गाडी जागच्या जागी. पाय दाबला की आवाज वाढतो, चाक फिरत नाही. मागे ट्रकांची रांग. भाऊंनी गाडी सावकाश मागे सोडत ट्रेलरसकट कडेला लावली, चाकांखाली दगड दिले आणि मला फोन केला. तसल्या चढावर, तसल्या वजनासकट, ते दुसऱ्या कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही. त्या वेळी मात्र मी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो, काय केलंत?

सलमाबादच्या गॅरेजमधला मेकॅनिक हा एक म्हातारा बहरीनी, मुंबईवाल्यांनी लाजावं असं हिंदी बोलणारा. दुसऱ्या दिवशी त्याने गिअरबॉक्स उघडला. करपलेल्या भाजीसारखा वास सुटला. आतल्या क्लचच्या चकत्या काळ्या ठिक्कर. त्याने त्यातली एक हातात घेतली, बोटाने पुसली आणि आम्हा दोघांकडे बघत विचारलं, "चलती गाड़ी में न्यूट्रल-ड्राइव, न्यूट्रल-ड्राइव कौन खेलता है?"

मी भाऊंकडे बघितलं.

 म्हाताऱ्यानेही मग त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली आणि हात धुवायला निघून गेला. भाऊ आपल्या चपलांकडे बघत उभे राहिले. मी मनात भराभर वकिली सुरू केली. आठवड्यातले सहा दिवस गाडी कुणाच्या हातात? मी एकच दिवस. घाटातला ड्रायव्हर कोण? मोडली कुणाच्या हातात? उत्तरं सगळी मला हवी तशी येत होती. परतताना टॅक्सीत मी त्यांना सांगितलं की तुमचा व्हिजा पुढच्या महिन्यात संपतोय, या खेपेला वाढवायचा का ते बघू. बघू म्हणजे काय ते भाऊंना माझ्याइतकंच ठाऊक होतं. ते हो म्हणाले.

पुढचे चार आठवडे भाड्याची पिकअप होती आणि भाऊ तीच चालवत होते. वेळेवर येत, वेळेवर जात. एरवी गाणं गुणगुणत ट्रेलर जोडायचे, ते गुणगुणणं तेवढं बंद झालं. मी पुलावर त्यांच्या शेजारी बसायचो आणि खिडकीतून समुद्र बघायचो. इतका समुद्र मी देवगडलासुद्धा बघितला नव्हता.

गॅरेजवाल्याने गाडीतलं सामान एका पिशवीत घालून दिलं होतं. ती पिशवी घरी तशीच पडली होती. एका शुक्रवारी जेवण झाल्यावर बायकोने ती उपसली आणि त्यातली डायरी चाळत बसली. माझी बायको हिशेब तपासायची नोकरी करते. तिच्या हाती लिहिलेला कागद देणं म्हणजे मांजराला मासळी राखायला ठेवणं. थोड्या वेळाने तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "हिद्द पूल, न्यूट्रल दोनदा, साडेसहा, वा." पान उलटलं. "पूल आणि फ्लायओव्हर मिळून पाचदा. फुकट." आणखी एक पान. "भाऊंना जमत नाही, घाबरतात."

तिने डायरी मिटली आणि विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

मी म्हटलं, माझं.

ती उठून ओटा पुसायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडणात जिंकता येतं. मी ती डायरी पहिल्यापासून वाचली. दर शुक्रवारी माझ्याच हाताने, शाबासकी देत देत, मी गिअरबॉक्स कसा जाळला त्याची तारीखवार नोंद. भाऊंनी टाकी भरल्यावर याच पानांवर खाली आपले लिटर आणि किलोमीटर लिहिले होते. म्हणजे त्यांनी हे सगळं वाचलेलं होतं. गॅरेजमध्ये त्यांनी नुसती डायरी उघडून म्हाताऱ्याच्या हाती दिली असती तरी माझी वकिली आटोपली होती. आमच्यात म्हणतात, चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे चोरच जज्ज होऊन बसला होता.

त्याच संध्याकाळी मी हिद्दला भाऊंच्या खोलीवर गेलो. खोलीत ते एकटेच होते, पॅकिंगचा खोका अर्धा भरलेला, त्यात मुलीसाठी घेतलेली चादर आणि दोन टँगचे डबे. मी दारातच सांगून टाकलं. गाडी मी मोडली, न्यूट्रल मीच मारायचो, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि गॅरेजमध्ये मला ठाऊक होतं. शेवटचं वाक्य बाहेर पडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मग मी म्हटलं की रविवारी सकाळीच व्हिजाचे कागद घालतो, आणि सोमवारी गॅरेजवाल्या म्हाताऱ्यालाही जाऊन सांगतो.

मला वाटलं भाऊ रागावतील, नाहीतर कोकणी माणसासारखे गोष्ट हसण्यावारी नेतील. त्यांनी खोक्यावरची चादर उचलली, घडी मोडली आणि पुन्हा तशीच घातली. मग म्हणाले, घरी सांगून झालंय. परत येतो म्हटलं तर कारण सांगायला लागतं. माझ्या हातून गाडी गेली असं सांगितलं. बायकोला, थोरल्या भावाला. एव्हाना वाडीभर झालं असेल.

"कशाला सांगितलंत असं?" मी विचारलं.

त्यांनी वेड्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. शेट म्हणतो त्यापेक्षा वेगळं सांगायचं तर शेट खोटा पडतो, आणि शेट आपल्याच गावचा, असं काहीतरी ते पुटपुटले. मग त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला.

"व्हिजाचा ऱ्हवांदे, शेटानू. घराक फोन करा. तुमच्या तोंडान तिका सांगा."

तीस वर्षं दोन घाटांत एक ओरखडा नाही, एवढीच त्या माणसाची कमाई, आणि ती मी नुसतं बघून घालवली होती. व्हिजा माझ्या हातात होता, म्हणून मला वाटत होतं की सगळं व्हिजाचंच आहे. मी फोन घेतला. खिडकीकडे तोंड केलं.

पलीकडून भाऊंच्या बायकोने, वहिनींनी, उचलला. मी कोण ते सांगितलं, आणि मग चाचरत, बऱ्याच वर्षांनी गावच्या बोलीत, गाडी माझ्या चुकीने मोडली, भाऊंचा काडीचा दोष नाही, त्यांनी मला आधीच बजावलं होतं, हे सगळं सांगितलं. तुमच्या वाडीत, माझ्या घरी, ज्याला-त्याला हे माझं नाव घेऊन सांगा म्हटलं.  

"माका ठावक होता," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्या हातसून गाडी मोडाची नाय." आणि मग अगदी साध्या आवाजात, चहा घेणार का विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पण तुमी म्हयनोभर खय होतास?"