गेटवरच्या फोटोतलं कुंकू

मांजर आडवं गेलं तरी मी स्कूटर थांबवत नाही. सगळी नोकरी कॉस्टिंगमध्ये गेली. आकडा जुळला नाही की चूक शोधायची, एवढंच मला येतं. ही चूक मात्र अजून सापडलेली नाही...

आमचा कारखाना बंद पडला. मुलीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष बाकी. अशात अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कंपनीतून इंटरव्ह्यूला बोलावणं आलं. निघताना बायकोने हातावर दही-साखर ठेवली, कपाळाला कुंकू लावलं. तरुण मुलांत बरं दिसणार नाही म्हणून वाटेत द्वारका चौकातल्या सिग्नलला मी ते रुमालाने पुसलं.

गेटबाहेर माझ्या मुलीच्या वयाची मुलं उभी होती. एकाने अगदी आदराने विचारलं, "काका, मुलाला सोडायला आलात का?"

मी "हो" म्हणालो... आणि तिथूनच परत फिरलो. गंगापूर रोडला एका बागेत दुपारपर्यंत बसलो. घरी सांगितलं, "बरा झाला. कळवतील."

आठवड्याने फोन आला. बायकोने स्पीकर चालू करायला लावला. "सर, पॅनेल तुमच्यावर खूश आहे. फायनल राऊंडला या." नावाचा घोळ असणार, पण तिच्यासमोर नाही कसं म्हणू? गेलो.

गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला, "साहेब, नवीन फोटो नको. मागच्या वेळचा आहे की!" त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझाच चेहरा, माझाच निळा शर्ट. कपाळावर कुंकू — जसंच्या तसं. त्या दिवशी मी फोटो काढलाच नव्हता, आणि माझं कुंकूही गेटवर पोचायच्या आधीच रुमालात गेलं होतं.

आत एक साहेब हसत उठले, माझा हात हातात घेतला. "मागच्या वेळी खर्च कमी करायचं जे सांगितलंत ना, ते आमच्या डायरेक्टरांना सांगा."

मी काय सांगितलं होतं? चाचरत काहीबाही बोललो. डायरेक्टर मोबाइल बघू लागले. दारापर्यंत सोडताना साहेब हळूच म्हणाले, "काय झालं हो आज? त्या दिवशी तुम्ही वेगळेच होतात."

नकार आला.

आत कोण गेलं होतं, मला माहीत नाही. मी गेलो नव्हतो, एवढं नक्की. आणि तेवढंच बायकोला सांगायचं राहिलंय. ती अजून शेजारणीला सांगते, "यांचा पहिला इंटरव्ह्यू काय झाला होता म्हणून सांगू! दुसऱ्या वेळी नजर लागली हो."

मी मान हलवतो.