सरूमावशीला आम्ही घाई लावली

"इतलंच शे का?" असं म्हणत आईनं फोन माझ्या हातात दिला.

मी घड्याळ थांबवलं. जी लेव्हल संपवायला आमच्या ऑफिसातल्या मुलांना तीन मिनिटं लागत होती, ती आईनं चाळीस सेकंदांत उरकली होती. शेजारच्या तिघींचंही तेच.

सुरतेत, डिंडोलीतल्या आमच्या घरी प्लेटेस्ट चालली होती. म्हणजे गेम बाजारात जाण्याआधी तो खऱ्या माणसांच्या हातात देऊन बघायचा. मी गेम डिझायनर आहे. चित्रं काढणं, कोड लिहिणं माझ्याकडे नाही. खेळणाऱ्यानं काय करायचं, किती वेळात करायचं आणि त्यात त्याला मजा का यावी, हे मी ठरवते. निदान व्हिजिटिंग कार्डावर तरी तसं लिहिलंय.

गेम होता 'सरूमावशीचा ओटा' या मालिकेवरचा. सुरतेतल्या मराठी वस्तीची गोष्ट, त्यामुळे आमच्याकडे ती घराघरांत बघितली जायची. सरूमावशी ओट्यावर बसून साड्यांना खडे चिकटवते. कुणी बाई रडकुंडीला येऊन बसली की मावशी काही विचारत नाही. साडीचं दुसरं टोक तिच्या मांडीवर टाकते, गोंदाची बाटली पुढं सरकवते. हात कामात, नजर खाली. मग ती बाई आपोआप बोलायला लागते. आमच्याकडे खरंच असं असतं. रिकाम्या हातानं बसून कुणी आपलं दुःख सांगत नाही.

मालिका लिहिणाऱ्या पाटील बाई लिंबायतला राहतात. मला चौथीला त्याच होत्या. गेमसाठी त्यांची परवानगी मागायला म्हणूनच मला पाठवलं. बाईंनी एकच अट घातली.

"रूपा, खेळणाऱ्याला नुसतं बसून ऐकता आलं पाहिजे. तेवढं सांभाळशील?"

"सांभाळते बाई. शब्द देते."

गेम आधी तसाच बनवला होता. निवांत खडे लावायचे, समोरची बाई बोलते, एकेक ओळ पडद्यावर येते. ओळी मीच लिहिल्या. आणि मग मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, तो मी टेस्टला नेला तो ज्या बायका रोज आठ-आठ तास हेच काम करतात त्यांच्याकडे. त्यांची बोटं स्क्रीनवरही तशीच पळाली. पोहायची परीक्षा माशांकडून घेतली म्हणा ना.

त्या दुपारी आणखी एक गोष्ट झाली होती. चौथ्या लेव्हलला एक सून सासूचं गाऱ्हाणं सांगते. ते वाचता वाचता शेजारच्या लताकाकूंनी फोन खाली ठेवला. "मन्ही सासू बी अशीच शे व माय," म्हणाल्या आणि त्यांचं सुरू झालं. बाकीच्यांनीही फोन ठेवले. पाऊण तास कुणी उचलला नाही. काकू रडल्या, आईनं त्यांना पाणी दिलं. मी मात्र रिपोर्टात लिहिलं, 'लेव्हल चार : लक्ष विचलित झालं.'

जिग्नेशभाई आमच्या स्टुडिओचे मालक. माणूस वाईट नाही, पण आकडा दिसला की त्यांना दुसरं काही दिसत नाही.

"रूपाबेन, आ तो बहु ईझी छे. चालीस सेकंद में खतम, तो कल कौन खोलेगा? टायमर डालो. स्पीड बढाओ."

"जिग्नेशभाई, वो औरतें रोज यही काम करती हैं. बाकी लोग..."

"वही तो अपना ऑडियन्स है!"

चॅनलला मालिकेच्या शेवटच्या भागाआधी गेम हवा होता. भांडायला वेळ नव्हता, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. खरं कारण वेगळं. स्वतःचं नाव असलेला माझा हा पहिला गेम होता आणि तो हातचा जाईल अशी भीती वाटली. लताकाकूंबद्दल एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं.

टायमर बसला. खडे पावसासारखे पडायला लागले. ओळ दोन सेकंद दिसायची आणि जायची. तीन खडे चुकले की रडत आलेली बाई उठून निघून जाणार आणि वर लाल अक्षरांत 'टाइम अप'. हे सगळं मी स्वतःच्या हातानं डिझाइन केलं.

गेम आला आणि आपटला. "मावशी आहे की कारखान्यातला सुपरवायझर?" असा एक रिव्ह्यू होता. "बायका काय बोलतात ते वाचू तरी द्या," असे तर कितीतरी. मी जिग्नेशभाईंकडे अपडेट मागितला, तोवर सगळी टीम दुसऱ्या गेमवर गेली होती. आईनं माझा गेम फोनमधून काढला नाही, पण पुन्हा उघडलाही नाही.

महिन्याभरानं मी बाईंकडे गेले. माफी कशी मागायची ते रिक्षात बसून घोकलं होतं.

"बाई, चुकलं माझं."

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "मला एक सांग. सातव्या लेव्हलला ती पिवळ्या साडीतली पोरगी येते ना? 'मावशी, मी घरी जाणार नाही,' म्हणते आणि वेळ संपतो. रोज खेळून बघते मी. माझी बोटं आता पळत नाहीत. का जात नाही गं ती घरी? झालंय काय तिला?"

टायमर बसवताना, कोण वाचतंय आता, म्हणून तिच्या पुढच्या सगळ्या ओळी मीच काढून टाकल्या होत्या. बाईंनी लेव्हल जिंकली असती तरी ती पोरगी पुढं काही बोलणार नव्हती.

"बाई, तिचं पुढचं मी पुसलं."

"बरं. पण तुला तर ठाऊक असेल ना?"

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. सुचून लिहिलेलं होतं, मनापासून लिहिलेलं होतं, एवढंच आठवलं.

गेममधली चूक अपडेट काढून सुधारता येते, असं आम्ही नव्या मुलांना शिकवतो. ते खरंच आहे. फक्त मूळ ओळी कुठंतरी ठेवलेल्या असाव्या लागतात. मी ठेवल्या नव्हत्या.