नानांनी मागे घेतलेला शोधनिबंध

गौरवग्रंथाच्या संपादकांनी या लेखासाठी मला तीनदा आठवण केली. दर वेळी बसले, दोन ओळी लिहिल्या आणि कागद बाजूला ठेवला. नानांच्या पंचाहत्तरीला गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आता गोड लिहिण्याचाही शीण येतो.

नाना माझे मार्गदर्शक; त्यांची पहिली भेट संशोधन-प्रवेशाच्या मुलाखतीत झाली. समिती उठल्यावर त्यांनी माझा अर्ज पुन्हा उघडला आणि हलकेच विचारले, "म्हसावदनी शे का तू? मी ब्राह्मणपुरीना." घरापासून इतक्या लांब आमच्याच भागातली ती बोली ऐकून माझे डोळे भरून आले. पुढे प्रयोगशाळेत आम्ही दोघेच असलो की अहिराणी बोलायचो, तिसरे कुणी आले की इंग्रजी.

मेंदूत डोपामिन या रसायनाचे निरोप कसे फिरतात, याची चित्रे घेण्यात नानांनी हयात घालवली. उंदीर यंत्रात हलू नये म्हणून त्याला गॅस हुंगवून झोपवतात. पण तो गॅस स्वतःच डोपामिनच्या कारभारात ढवळाढवळ करतो. म्हणून प्रत्येक उंदराला तो सारखाच मिळाला पाहिजे, असा नानांचा कटाक्ष असे.

कंपवातावरच्या एका नव्या औषधाची चाचणी माझ्याकडे होती. औषध दिलेले उंदीर वळवळत, चित्र पुसट येई. त्यांच्यापुरती मी गॅसची कळ थोडी पुढे फिरवी. वही मात्र आम्ही सगळेच सकाळी आधीच भरून ठेवत असू, गॅसच्या रकान्यात खालपर्यंत एकच आकडा. आपण काही खोटे करतो आहोत असे तेव्हा वाटलेही नाही. चित्रांत फरक झकास दिसला. शोधनिबंध छापून आला, नानांचे नाव झाले, मला पदवी मिळाली.

दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या विद्यार्थ्याने तोच प्रयोग केला, तर फरक गायब. नानांनी मला बोलावून घेतले. त्यांच्याच शिफारशीवर मला नोकरी लागली होती आणि मी अजून कायम व्हायची होते.

"गॅस कितला व्हता, बेटा?"

"वहीमा लिखेल शे तितलाच, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि वही मिटली. "दमी गयी व्हशी. जेवी ले, मंग बोलू."

त्यावर ते पुन्हा कधीच बोलले नाहीत. औषध न देता, नुसता गॅस कमीजास्त करून त्यांनी कित्येक महिने स्वतः चित्रे घेतली. तोच फरक उमटला. मग त्यांनी शोधनिबंध मागे घेतला. भुलीवर देखरेख ठेवण्यात आपण कमी पडलो, असे त्यांनी सूचनेत लिहिले. त्यात माझे नाव नव्हते. विभागप्रमुखपद त्यांच्या हातून गेले, माझ्या पदवीचा विषय मात्र कुणी उकरला नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत ते उंदरांना गॅसशिवाय, जागेपणीच यंत्रात निवांत बसायला शिकवत राहिले, रोज थोडा वेळ, न चिडता. आज त्यांचा गौरव होतो आहे तो त्या कामाबद्दल.

माझे वडील गेले तेव्हा नाना म्हसावदला आले. ओट्यावर आईशी तासभर केळीच्या बागेचे बोलत बसले. तेव्हा सांगून टाकायला हवे होते. मी त्यांना चहा दिला आणि गाडीपर्यंत पोहोचवून परत आले.

इतकी वर्षे गप्प राहून मी थकले आहे. म्हणून या ग्रंथात, सगळ्यांसमोर लिहिते: नाना, गॅसची कळ मी फिरवली होती, आणि आपण विचारले तेव्हा मी खोटे बोलले. शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकालाही तसे कळवले आहे. त्यांनी त्या सूचनेत दुरुस्ती करून दोष माझ्या नावावर घालावा. पदवीचे काय करायचे ते विद्यापीठ ठरवील. संपादकांनी हा लेख गाळला, तर मी स्वतः लोणखेड्याला, आपल्या निवृत्तीनंतरच्या घरी येऊन तो वाचून दाखवीन.

आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. ती दुरुस्ती छापून आलेली आपण आपल्या डोळ्यांनी वाचावी, आणि त्यानंतरही माझ्यावर रागवायला आपल्याला पुष्कळ वर्षे मिळावीत.