मागच्याला खड्डा दाखवणारा हात

रविवारी सकाळी घाटाखालच्या टपरीवर मी चहा घेत होतो, तेवढ्यात पन्नाशीतले पाच सायकलस्वार तिथे चहाला थांबले. त्यांच्यातल्या शेवटी आलेल्या देसायांनी टपरीसमोरच्या खड्ड्याजवळ हात खाली करून मागच्याला इशारा केला. मागे कोणी नव्हतं.

देसाई वर्षभराने सायकलवर बसले होते, तीही कोरी, हलकी. "सायकल दोन किलोंनी उतरली, आता पोट उतरव," एकाने चिमटा काढला. देसाई हसले.

"इशारा कुणाला केलात?" मी विचारलं.

"मोहनला. माझ्या मागेच असायचा. गेल्या वर्षी बोलण्याच्या नादात माझ्याकडून त्याला खड्डा दाखवायचा राहिला. पडला, तो उठलाच नाही."

दम सरावाने परत येतो. राहून गेलेलं एखादं काम मात्र कितीदा करूनही होत नाही.

निघताना एक मित्र म्हणाला, "देसाया, आज ओळीत मधे चल."

"नको. माझ्या मागे कुणाला ठेवू नका."