साट्याची सून

भाटघरचं नवं धरण भरू लागलं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीतली धोंडाबाई शिवऱ्याच्या गेनूला दिली आणि त्याच मांडवात गेनूची बहीण चंद्रा धोंडाबाईच्या भावाला, कुंडलिकला. साटंलोटं. एक लेक द्यायची, एक आणायची. दोन्हीकडचे बाप खूश होते. धोंडाबाईला तेव्हा धड लुगडंही नेसता येत नव्हतं.

वाडीतलं घर म्हणजे कुडाच्या दोन खोल्या. पावसाळ्यात गुरं आत, माणसं आत, चुलीचा धूरही आत. पण बाप, बापू, नाचणीची गरम भाकरी मोडून पहिला तुकडा धोंडीच्या हातावर ठेवायचा आणि त्यावरून कुंडलिक रोज भांडायचा. वैशाखात दोघं गुरांमागं रानात जायची, करवंदांनी तोंडं काळी करून यायची आणि आईच्या शिव्या खायची. त्या घरात कुणी कुणाला जपून बोलत नव्हतं.

शिवऱ्याचं घर भरलेलं होतं. ज्वारीची पेवं, बारमाही विहीर, दावणीला बैल. खायची ददात नव्हती. पण सासू फुलाबाई बघायची. ती ओरडायची नाही, मारायची नाही, नुसती बघायची. धोंडाबाईनं दुसरी भाकरी घेतली की बघायची, ती जराशी हसली की बघायची. गेनू आईच्या शब्दाबाहेर नव्हता. बायकोशी तो बोलायचा ते बैलांच्या वैरणीपुरतं.

शिवाय एक नेम होता. चंद्रा माहेरी आली तरच धोंडाबाईनं माहेरी जायचं. दोन्ही घरांत कामाचे हात कमी पडायला नकोत. त्यामुळं लग्नानंतर दोघींची गाठ अशी पडलीच नाही. नसरापूरच्या वाटेवर गाड्या समोरासमोर आल्या की एकमेकींना हात करायच्या, तेवढंच.

एका साली चंद्रा दुसऱ्या खेपेला वाडीतच बाळंत झाली आणि त्याच महिन्यात धोंडाबाईचा बाप गेला. निरोप शिवऱ्याला आला. गेनूनं ऐकला, फुलाबाईनं ऐकला. चंद्रा काही येऊ शकत नव्हती, मग हिला पाठवायचं कसं? म्हणून हिला कुणी सांगितलंच नाही. बापूचे दिवसही घालून झाले, तेव्हा कुठं विहिरीवर एका बाईच्या तोंडून तिला कळलं.

धोंडाबाईनं भरलेली घागर विहिरीच्या काठावर ठेवली आणि ती चालू लागली. नसरापूर मागं पडलं, मार्गासनी मागं पडली. दिवस मावळता वाडीत पोचली. आईनं तिला पोटाशी धरलं. चंद्रानं तिच्या पायावर पाणी घातलं.

दोन-चार दिवस ती पुन्हा धोंडी झाली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, कुंडलिकशी भाकरीवरून भांडली. चंद्रा तान्ह्याला घेऊन तिच्याभोवती घुटमळायची. एकदा भात सडताना हळूच म्हणाली, "वन्सं, आमच्या परड्यातला शेवगा फुलला का वो? माझी आय त्याच्या फुलांची भाजी करायची. मला पहिला घास भरवायची, मंगच बाकीच्यांना. लई सय येती तिची."

धोंडाबाईचं मुसळ हातातच राहिलं. ही कुठल्या फुलाबाईचं बोलत होती?

"फुलला आसंल," ती म्हणाली. "म्या वर बघितलंच न्हाई."

त्याच दुपारी गेनूचा चुलता कोंडिबा आला. ओट्यावर टेकलाही नाही. "तुमची तुमाला लखलाभ," तो कुंडलिकला म्हणाला. "आमची आमाला द्या. तान्हं तुमचं, ते हितंच ऱ्हाऊ द्या."

आई चुलीकडं तोंड करून बसली. चंद्रा आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात गाठोडं होतं. तान्हं अजून अंगावर पीत होतं आणि ते सासूच्या हातात द्यायला तिचा हात पुढं होत नव्हता. धोंडाबाईकडं तिनं पाहिलंही नाही.

"ऱ्हाऊ द्या," धोंडाबाई म्हणाली. "म्या येते."

आईनं तिला थांबवलं नाही. ते तिला जन्मभर आठवत राहिलं.

शिवऱ्याला फुलाबाईनं दार उघडलं, बघितलं आणि काठावर राहिलेली घागर पुढ्यात ठेवली. मग वर्षं गेली. सोनबा झाला, रतन झाली. आई गेली. फुलाबाईही गेली, पण तिच्या माघारी दुसरी भाकरी घेताना धोंडाबाई मान वळवून बघायचीच.

दुसरी लढाई चालू होती, रॉकेलही मिळत नव्हतं, त्या दिवसांत भाटघरकडचे पाहुणे आले. त्यांची मुलगी सोनबाला, गेनूची रतन त्यांच्या मुलाला. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. धोंडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो खाली ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"साटं करायचं न्हाई," ती म्हणाली.

गेनू तांबडालाल झाला. "तुला कुणी इचारलं?"

"न्हाई इचारलं. तवाबी न्हाई, आताबी न्हाई. पर रतन साट्यात जायाची न्हाई. गेली तर मला आधी हिरीत ढकला."

पाहुणे पाणी न पिता उठले. गेनूनं त्या दिवशी तिच्यावर हात उचलला. ती जागची हलली नाही.

रतनला पुढं नसरापूरला दिलं, साध्याशा घरात. सोनबाला मात्र बरीच वर्षं मुलगी मिळाली नाही. पाहुणे परतवलेल्या त्या घरात साट्याशिवाय लेक द्यायला कुणी धजेना. "तुज्यामुळं," असं तो आईला एकदाच म्हणाला. नंतर तो तिच्याशी बापासारखाच बोलू लागला, वैरणीपुरतं.

रतन मनाला येईल तेव्हा यायची. दारातूनच हाक मारायची, चुलीवरचं झाकण उघडून बघायची, आईच्या ताटातलंच खायची. धोंडाबाई दचकून विचारायची, "कुणी पाठवलं गं? कोण गेलं तुज्या बदली?"

"आगं, कुणी न्हाई. माजी मीच आले."

धोंडाबाई मान हलवायची. तरी लेक जेवून आडवी होईपर्यंत तिचा एक डोळा नसरापूरच्या वाटेवर असायचा.